शेणातल्या सहा शवपेट्या

१

“गेल्या! सहाच्या सहा गेल्या!”

लुडर्स साहेबांची आरोळी वरच्या मजल्यावरून आली तेव्हा गेस्केबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. त्या काही लगेच उठल्या नाहीत. साहेबांचं रोज काहीतरी हरवायचं आणि ते रोज त्यांच्याच अंगावर सापडायचं. परवा चष्म्यासाठी अर्धं घर उपसलं, तर चष्मा कपाळावर! म्हणून बाईंनी आणखी दोन बटाटे सोलून घेतले. मग “चोरी!” असा शब्द कानावर आला, तशी सुरी टाकून, लाकडी बूट खाडखाड वाजवत त्या जिना चढल्या.

वर टेबलावर बशी होती. बशीत ओलं शेवाळ होतं आणि शेवाळात सहा खळगे होते. खळगे रिकामे.

“सकाळी नऊ वाजता मी स्वतः पाणी शिंपडलं,” साहेब डोकं धरून म्हणाले. “तीन वाजता विज्ञानसभेची मंडळी येणार, खास ग्योटिंगेनहून म्हातारे प्राध्यापक येणार. त्यांना काय दाखवू, गेस्केबाई? शेवाळ?”

हॅम्बुर्ग शहराला मोठी आग लागली त्यात साहेबांचं औषधांचं दुकान जळालं. तेव्हापासून ते आणि त्यांची बहीण आल्विना गेस्केबाईंकडे भाड्यानं राहत होते. त्याच आगीत जळालेल्या चर्चचा नवा पाया आता खणला जात होता आणि खूप खाली गेल्यावर तिथे शेण लागलं होतं. शेकडो वर्षांपूर्वीच्या गोठ्यांतलं, दबून काळं झालेलं शेण, आणि त्याच्याखाली दलदलीची माती. दोहोंच्या सांध्यात मजुरांना खडे सापडले. मधाच्या रंगाचे, बोराएवढे, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला उतरत्या छपरासारखे. शवपेटीचं झाकण असतं ना, अगदी तसेच. मजुरांनी त्यांचं नावच ठेवलं, शवपेट्या.

साहेबांनी खडे तपासले आणि त्यांची झोपच उडाली. शेणातलं स्फुरद, मातीतला मॅग्नेशिया, गुरांच्या मुतातला अमोनिया आणि भरपूर पाणी, एवढं सगळं त्या एका खड्यात गुण्यागोविंदानं नांदत होतं. असं खनिज आजवर कुणी नोंदवलं नव्हतं.

“चोर कोण ते मला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले आणि त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

दारापासून टेबलापर्यंत चिखलाच्या बुटांचे ठसे उमटले होते. हे बूट गेस्केबाईंनी शंभर वेळा उंबऱ्याबाहेर काढायला लावले होते. ते वुब्बोचे होते, त्यांच्या सख्ख्या भावाचे.

२

वुब्बो चाळिशीचा, दांडगा, पायाच्या खणकामावरचा मुकादम. शवपेट्या सापडल्या त्या त्याच्याच फावड्याला.

“मी दहा वाजता मातीची बादली ठेवली आणि गेलो,” तो म्हणाला. “मला तुमचे दगड कशाला?”

“काल काय बोललास मला?” साहेबांचा आवाज चढला. “‘खणलं मी आणि कागदावर नाव तुमचं!’ बोललास की नाही?”

“बोललो. खोटं आहे का?”

“वुब्बो, तू गप्प बस,” गेस्केबाई म्हणाल्या. पण भावानं जन्मात कधी त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि साहेबांनी तोवर खिडकीतून रस्त्यावरच्या पोराकरवी शिपायाला बोलावणं धाडलंही होतं.

खोलीत आणखी एक जण होते, लॅटिन शाळेतले क्रोगमान मास्तर. ते साहेबांचे वीस वर्षांचे मित्र आणि तितक्याच वर्षांचे विरोधक. “शेणात जन्मलं ते खनिज नव्हे, असेल तर मी टोपी खाईन,” असं त्यांनी वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी छापून आणलं होतं. ते सकाळी साडेदहापासून इथेच ठाण मांडून होते. बाराच्या भुकेला त्यांनी खिशातून एक दगडी तोस काढला आणि कडाकड चावायला घेतला.

“माझाही संशय घ्या, लुडर्स. घ्याच!” असं म्हणत त्यांनी कोटाचे, विजारीचे, अगदी घड्याळाचे खिसेसुद्धा उलटे करून दाखवले. रुमाल, तपकिरीची डबी आणि तोसाचा भुगा निघाला.

मग सगळ्यांची झडती झाली. वुब्बोचे बूट उलटे करून झटकले, आल्विनाचं शिवणाचं टोपलं उपसलं. गाद्या झाल्या, राखेची बादली झाली. शवपेट्या नाहीत म्हणजे नाहीत. साडेदहानंतर घराबाहेर कुणी पाऊल टाकलं नव्हतं, कारण जिन्याच्या तोंडाशी गेस्केबाईंचं स्वयंपाकघर होतं आणि तिथून मांजर गेलं तरी त्यांना कळायचं. वुब्बो दहानंतर परसातच लाकडं फोडत होता.

शिपाई आला, टोपी मांडीवर ठेवून स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला. “हा माणूस एम्डेनकडचा,” तो म्हणाला. “हॅम्बुर्गचा नागरिक नाही. संशय आला की वेशीबाहेर. साडेचारला वेस बंद होते, त्याआधी मी याला बाहेर सोडणार. परत आत येणं नाही.”

गेस्केबाईही एम्डेनकडच्याच. पण त्या लग्न करून इथल्या नावाड्याच्या घरात आल्या म्हणून त्यांना इथे राहायचा हक्क होता. नवरा गेल्यावर या परक्या शहरात त्यांचं म्हणावं असं एकच माणूस होतं आणि ते समोर मान खाली घालून बसलं होतं. पण रडायला वेळ कुणाला होता?

“साडेचारपर्यंत ना?” त्यांनी पदर खोचावा तसं एप्रन घट्ट बांधलं. “मग बसा तोवर, शिपाईदादा. या घरात कॉफी नसते, चहा मिळेल.”

३

“आल्विनाबाई, जरा खाली या. कप पुसायला मदत करा.”

गेस्केबाईंना माणसाला बोलतं करायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे त्याच्या हातात फडकं देणं. आल्विना आली आणि मान खाली घालून पुसू लागली. अकराच्या चहाचे कप अजून तसेच पडले होते.

“आज सगळंच बिघडलं बघा,” गेस्केबाई बोलत सुटल्या. “चहाचा सरंजाम जिन्याच्या माथ्यावर पेटाऱ्यावर मांडला, खाली येऊन किटली नेली, आणि साहेबांच्या कपात ओतते तर खडा तडकलाच नाही! आमच्या गावी खडीसाखरेचा खडा तडकला नाही तर बाईला नावं ठेवतात. पाणी नीट उकळलं नसणार. आणि ते मास्तर! एरवी दोन खडे मागून घेतात, आज म्हणे दाढ ठणकते, साखर नको. एक कप झाला आणि ‘पुरे’ म्हणून चमचा कपात. आमच्याकडे तीन कपांच्या आत चमचा कपात ठेवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार लावणं.”

बोलता बोलता त्यांनी साहेबांच्या कपाच्या तळाशी उरलेला खडा उचलला, पाण्यात खंगाळला आणि खडीसाखरेच्या वाटीत परत टाकला. ती तपकिरी खडीसाखर महाग होती. चहा ढवळायचा नाही आणि उरलेला खडा टाकायचा नाही, या दोन नियमांवर त्यांच्या आईनं सात पोरं वाढवली होती.

“तुम्ही आज भावाच्या खोलीत कधी गेला होता?” त्यांनी एकदम विचारलं.

आल्विनाच्या हातातला कप बशीवर आपटला.

“मी? नाही हो. दादानं मला तिथे जायला बंदी केलीय.”

“मग टेबलाला व्हिनेगरचा वास कसा येतो?”

आल्विनानं फडकं खाली ठेवलं. “गेस्केबाई, दादाला सांगू नका,” ती पुटपुटली. “मला वाटतं, मीच त्या नाहीशा केल्या.”

४

गोष्ट अशी होती. आल्विनाला त्या शेणाची शिसारी होती. दिवाणखान्याशेजारी शेण, तेही शेकडो वर्षांचं! वुब्बो बादली ठेवून गेला तशी ती गुपचूप आत शिरली, खिडकी उघडली आणि सगळं टेबल व्हिनेगरनं पुसून काढलं.

“तेव्हा शवपेट्या होत्या?”

“होत्या. सहाही. मी मोजल्या नाहीत, पण एकही खळगा रिकामा नव्हता.” आल्विनानं डोळे पुसले. “मात्र दादा नेहमी म्हणतो, यांना व्हिनेगर लागलं की विरघळतात. बशीत उडालं असेल तर?”

गेस्केबाई तडक वर गेल्या. साहेब डोक्याला ओला रुमाल लावून पडले होते.

“साहेब, तुमच्या खड्यांचे स्वभाव सांगा बघू.”

साहेब दुःखात होते, पण हा विषय निघाल्यावर गप्प बसतील तर ते लुडर्स कसले! ते उठून बसले. “पाण्यात म्हणाल तर ढिम्म. महिनाभर ठेवा. आंबटात मात्र जातात, व्हिनेगरच्या पेल्यात टाकला तर संध्याकाळपर्यंत नाहीसा होतो. आणि ऊब सोसत नाही. कोरड्या, गरम जागी ठेवला की आतलं पाणी उडतं, अमोनिया उडतो, कडा खडूसारख्या पांढऱ्या होतात. म्हणून तर शेवाळात ठेवतो.”

“म्हणजे दोन थेंब उडाले तर?”

“दोन थेंबांनी काय होतंय? वरचा तजेला जाईल, बस्स.”

गेस्केबाईंनी बशी नाकाशी नेली. शेवाळाला दलदलीचा वास होता, थोडा गोठ्याचा होता, आंबट वास मात्र मुळीच नव्हता. आल्विना सुटली. आणि वुब्बोही सुटला, कारण त्याच्यामागून ती आत गेली तेव्हा सहाही जागच्या जागी होत्या.

मग तिच्यानंतर कोण? साडेदहाला साहेब दाढी करत होते आणि मास्तर या खोलीत एकटेच त्यांची वाट पाहत होते. गेस्केबाईंना तो क्षण आठवला. सरंजाम पेटाऱ्यावर ठेवून त्या खाली गेल्या, किटली घेऊन वर आल्या, तेव्हा मास्तर पेटाऱ्यापाशी उभे राहून छताकडे बघत होते.

पण मास्तरांचे खिसे तर सगळ्यांनी पाहिले होते. आणि पुराव्याशिवाय लॅटिन शाळेच्या मास्तरावर एका भाडेकरू ठेवणाऱ्या बाईनं बोट ठेवायचं, हे शिपाई ऐकून तरी घेईल का?

५

दोन वाजून गेले. स्वयंपाकघरात शिपाई चहा पीत होता, वुब्बो हातांकडे बघत बसला होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “माझे लोकरी मोजे दे. बाहेर थंडी आहे.”

हे ऐकून मात्र गेस्केबाईंना राहवलं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि एप्रननं नाक पुसलं. तेवढ्यात दारात क्रोगमान मास्तर.

“बाई, पाणी मिळेल?”

आज मास्तर तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात येत होते. पहिल्यांदा आले ते चहाचा सरंजाम मी खाली नेतो म्हणून. आजवर या गृहस्थानं स्वतःची टोपी खुंटीला लावली नव्हती! दुसऱ्यांदा आले ते दात कोरायला काडी मागायला. दोन्ही वेळा गेस्केबाईंनी त्यांना पिटाळलं होतं, कारण स्वयंपाकात पुरुष लुडबुडलेले त्यांना खपत नसत.

“घ्या पाणी.”

मास्तर प्यायले, पण हलले नाहीत. त्यांची नजर फडताळावर होती. “आणि बाई, ती खडीसाखरेची वाटी वर पाठवाल का? अख्खी. चोखावी म्हणतो. दाढेला बरं वाटेल.”

“दाढेला?”

“हो, फार ठणकते.”

“वर पाठवते,” गेस्केबाई म्हणाल्या. “पाहुण्यांच्या चहाबरोबर.”

मास्तर नाइलाजानं गेले. गेस्केबाई तिथेच उभ्या राहिल्या. दुखऱ्या दाढेला साखर? आणि बारा वाजता तोस कडाकडा कोणत्या दाढेनं फोडला? दाढ दुखत नाही, तर सकाळी साखर का नको? त्यांनी वाटीकडे पाहिलं. मग साहेबांचा कप आठवला. न तडकलेला खडा आठवला. तीन कप चहा पिऊन झाल्यावर खंगाळताना तो बोटांना कसा लागला होता ते आठवलं.

“अगं बाई गं!” म्हणून त्या मटकन बटाट्यांच्या टोपलीवर बसल्या.

“काय झालं, ताई?”

“काही नाही. मोठं पातेलं काढ. आणि मोजे घालू नकोस.”

६

तीन वाजता पाहुणे आले. म्हातारे प्राध्यापक आणि सभेची दोन माणसं दिवाणखान्यात बसली. लुडर्स साहेब कपाळाचा घाम पुसत “महाशय, एक दुर्घटना…” एवढंच म्हणाले होते, तोच दार उघडलं. पुढे कोमट पाण्याचं पातेलं घेतलेला वुब्बो, मागे शिपाई, त्याच्यामागे आल्विना, आणि सगळ्यांत शेवटी खडीसाखरेची वाटी हातात धरून गेस्केबाई.

“मास्तर, दाढ कशी आहे? एक खडा चोखता?” त्यांनी वाटी पुढे केली.

“आ… आता नको.”

“आता नको, सकाळी नको, मधेच अख्खी वाटी हवी! बरं, राहू द्या.”

आणि ज्या बाईनं आयुष्यात साखरेचा कण वाया घालवला नव्हता, तिनं ती काठोकाठ भरलेली वाटी पातेल्यात उपडी केली. आल्विना किंचाळली. गेस्केबाईंनी लाकडी पळी घेतली आणि ढवळायला सुरुवात केली.

“माफ करा हं, प्राध्यापक साहेब. ढवळणं आमच्यात बसत नाही, पण आज इलाज नाही. थोडा वेळ लागेल, तोवर बोलते. माझ्या भावानंतर आल्विनाबाई त्या खोलीत गेल्या होत्या. साहेब, बहिणीकडे तसं बघू नका, त्यांनी तुमचं टेबल पुसलं, तुमच्यानं कधी झालं नसतं. त्यांनी सहाही खडे जागेवर पाहिले. मग मास्तर आले. खडे उचलले, बाहेर पडले, तोच जिन्यावर माझे लाकडी बूट वाजले. आता लपवायचे कुठे? खिशात ठेवले तर झडतीत सापडणार. समोर पेटारा, पेटाऱ्यावर वाटी, वाटीत बोराएवढे तपकिरी खडे. आणखी सहा पडले तर कोण बघतं? नंतर निवांत वेचू म्हणाले. पण वाटी मी उचलली आणि त्यांच्याच समोर चहा वाढायला बसले! शेणातला खडा आपल्याच कपात पडला तर? म्हणून दाढ दुखली, आणि म्हणून तीन कपांचा चहा एका कपात आटोपला.”

“हा बदनामीचा—” मास्तर उठले.

“बसा,” शिपाई म्हणाला. त्याला पातेल्यात काय होतं ते बघायचं होतं.

पाणी हळूहळू तांबूस झालं. खडे लहान झाले, आणखी लहान झाले, मग दिसेनासे झाले. पळी तळाला लागली तरी तळाशी काहीतरी खडखडत होतं. गेस्केबाईंनी गाळणं घातलं आणि पांढऱ्या फडक्यावर उपडं केलं.

सहा शवपेट्या. पाच लख्ख मधाळ, आणि एकीच्या कडा पांढुरक्या.

लुडर्स साहेबांनी आनंदानं आरोळी ठोकली आणि लगेच भिंग काढलं. “पण हिला काय झालं? हिच्यातला अमोनिया उडालाय. हिला ऊब लागली. कुठे लागली?”

“तुमच्या कपात, साहेब,” गेस्केबाई म्हणाल्या. “तीन कप.”

साहेबांच्या चेहऱ्यावरून कितीतरी शतकांचे गोठे सरकले असावेत. आल्विनानं तोंडात रुमाल कोंबला, पण हसू काही थांबेना. मग साहेबांनी हळूच ओठ पुसले आणि त्यांचे डोळे एकदम चमकले.

“कडकडीत चहाचे तीन कप! आणि विरघळली नाही! आकार तोच, छप्पर तेच! प्राध्यापक साहेब, याहून मोठा पुरावा काय देऊ?”

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी खडा भिंगाखाली फिरवला, सावकाश हुंगला आणि म्हणाले, “घर मिळेल तिथे खनिज जन्म घेतं. शेणात मिळालं तर शेणात. लिहून घ्या, नवं खनिज.”

७

मास्तर खुर्चीत खचले होते. “फक्त आजचा दिवस टळावा एवढंच हवं होतं, लुडर्स. उद्या परत ठेवणार होतो. शाळेतली पोरं मला टोपी खायला लावतील रे.”

“खड्यांचं सोडा!” गेस्केबाई कडाडल्या. “माझ्या भावाला वेशीबाहेर काढत होते, आणि तुम्ही समोर बसून तोस चावत होतात! त्यानं मोजे मागितले माझ्याकडे, मास्तर. मोजे!”

मास्तरांनी वुब्बोकडे पाहिलं. “माझं चुकलं,” ते एवढंच म्हणाले. शिपायानं टोपी डोक्यावर ठेवली, वुब्बोच्या खांद्यावर थाप मारली आणि पाहुण्यांना सलाम करून तो निघाला.

लुडर्स साहेब कागदावर वाकले होते. खड्यांसोबत ठेवायला सकाळी लिहिलेली चिठ्ठी त्यांनी फाडली आणि नवी लिहिली. ‘शोधले: वुब्बो यान्सेन, मुकादम.’ त्याखाली बारीक अक्षरात, ‘तपासले: लुडर्स’. चिठ्ठी त्यांनी वुब्बोच्या हातात दिली. वुब्बोला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते त्याला ठाऊक होतं. तो बराच वेळ ते बघत राहिला.

“चला, चहा,” गेस्केबाई म्हणाल्या. “साखर संपली. पाहुणे मंडळींना मध आहे. मास्तरांना मात्र खडाच हवा होता ना?”

त्यांनी पांढुरक्या कडांची शवपेटी साहेबांकडे बघून उचलली. साहेबांनी मोठ्या मनानं मान डोलावली. खडा मास्तरांच्या कपात पडला, वर कडकडीत चहा पडला, कडेनं साय सोडली गेली. सगळ्यांनी कान टवकारले. खडा तडकला नाही.

मास्तरांनी डोळे मिटून पहिला कप संपवला. दुसरा कप संपवायला त्यांना पाव तास लागला. मग त्यांनी हळूच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, चमचा कपात ठेवला.

बाहेर वेस बंद झाल्याची घंटा वाजू लागली. वुब्बोनं ती शेवटच्या टोल्यापर्यंत ऐकली. मग आपला चिखलाचा, दांडगा हात पुढे करून त्यानं मास्तरांच्या कपातला चमचा काढला, बाहीला पुसला आणि बशीत ठेवला.

“मास्तर,” तो प्रेमानं म्हणाला, “आमच्याकडे तीन.”

गेस्केबाईंनी किटली उचलली.